परमुलुखातील पोटाची सोय

आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काही श्रोत्यांना तो थोडा किरकोळ वाटला असेल. परमुलुखात गेल्यावर थोडक्या पैशांत पोट कसे भरावे, हा प्रवाशाच्या टिपणवहीतला प्रश्न. इतिहासाच्या व्यासपीठावर त्याचे काय काम, असेही कोणी विचारील. लढाया, तह आणि राजवंश यांचा इतिहास आपण पुष्कळ ऐकला. पण लढाईला गेलेला शिपाई, तीर्थाला निघालेली म्हातारी, कचेरीच्या कामासाठी जिल्ह्याच्या गावी आलेला शेतकरी आणि विलायतेत शिकायला गेलेला विद्यार्थी या चौघांनाही रोज दोन वेळा एकच प्रश्न पडत आला आहे : येथे आपल्याला ओळखणारे कोणी नाही, गाठीला पैसे थोडे आहेत, तर आता जेवायचे कोठे? समाजाने या प्रश्नाला वेळोवेळी जी उत्तरे दिली, त्यांवरून तो समाज परक्या माणसाला काय समजत होता हे चांगले कळते. म्हणून हा विषय आम्ही निवडला.

स्वस्त जेवण म्हणजे कमी पैशांचे जेवण, असे आपण सहज म्हणून जातो. आमचे म्हणणे असे की, जेवणाला पैशांखेरीज आणखी एक किंमत पडत आली आहे. ती म्हणजे ओळख. तू कोण, कोणाचा, कोणत्या जातीचा, कोठला, या प्रश्नांची उत्तरे दिल्यावाचून पूर्वी परमुलुखात पान वाढले जात नसे. ज्याचे उत्तर पसंत पडे त्याला अन्न फुकट मिळे. ज्याचे पसंत पडत नसे त्याला ते पैसे मोजूनही मिळत नसे. हे विधान आपल्या वनप्रदेशातील एटापल्लीच्या कसोटीवर घासून पाहावे, असा आमचा विचार आहे. एटापल्ली याच्यासाठी घेतली की, येथे परका माणूस येतोही आणि येथला माणूस परका होऊन बाहेरही जातो. दोन्ही बाजूंचा हिशेब एका ठिकाणी मांडता येतो.

प्रथम परमुलुख कशाला म्हणावे ते ठरवू. आज परदेश म्हटले की आगबोट आणि विमान आठवते. पण जुन्या मराठीत उत्तर हिंदुस्थानातल्या माणसालाही ‘परदेशी’ म्हणत. देश बदलण्याला समुद्र ओलांडावा लागत नसे. बोली आणि चूल बदलली की देश बदलला. एटापल्लीच्या आसपासच्या खेड्यांतील माडिया गोंडाची भाषा माडिया. पूर्वेला छत्तीसगडची बोली, दक्षिणेला अहेरी-सिरोंच्याकडे तेलुगू, आणि कचेरीत मराठी. हा मुलूख आधी मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. १९५० नंतर मध्यप्रदेशात, १९५६ च्या नोव्हेंबरात द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० च्या १ मे रोजी महाराष्ट्रात आला. चांदा जिल्ह्याचे नाव १९६४ साली चंद्रपूर झाले आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. एका आयुष्यात एखाद्या माणसाचे राज्य तीन वेळा आणि जिल्हा एक वेळा बदलला, आणि तो मात्र आपल्या पाड्यावरून हललाही नाही! अशा माणसाला आलापल्लीचा नाका ओलांडून गडचिरोली, चंद्रपूर किंवा नागपूर गाठणे म्हणजे परमुलुखात जाणेच होते. लंडनला उतरलेल्या आपल्या विद्यार्थ्याची जी अडचण, तीच याची : भाषा येत नाही, अन्न ओळखीचे नाही आणि पैसे मोजके.

या अडचणीवरचा सर्वांत जुना उपाय म्हणजे शिदोरी. घाटावरच्या माणसाची भाकरी-चटणी, कोकण्याचे पोहे, वारकऱ्याचे दशम्यांचे गाठोडे आणि माडियाचा सुकविलेल्या भोपळ्याचा तुंबा, त्यात तांदळाची किंवा कोदो-कुटकीची आंबट पेज. तहान आणि भूक या दोहोंवर ती चालते. शिदोरीचा मोठा गुण असा की ती कोणाला काही विचारत नाही. पण ती दोन-तीन दिवसांची सोबतीण. लांबच्या वाटेला दुसऱ्याच्या चुलीचा आसरा घ्यावाच लागतो, आणि तेथून आपला इतिहास सुरू होतो.

दुसऱ्याच्या चुलीचा आसरा आपल्या समाजाने धर्माच्या नावाने उभा केला. माधुकरी, सदावर्त, अन्नछत्र आणि धर्मशाळा ही त्याची रूपे. अहिल्याबाई होळकरांनी काशी-गयेपासून रामेश्वरापर्यंत तीर्थांच्या ठिकाणी जी बांधकामे आणि सदावर्ते करविली, त्यांची कीर्ती १७९५ साली त्यांचा मृत्यू झाल्यावरही मागे उरली. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या गर्दीत उत्तरेकडे दक्षिणेच्या आशेने निघाले. त्यांचे प्रवासवर्णन १९०७ साली चिंतामणराव वैद्य यांनी छापून प्रसिद्ध केले. ते वाचताना असे दिसते की, लुटालूट, वेढे आणि पळापळ यांच्या गदारोळातही या भिक्षुकाला ठिकठिकाणी ओळखीचा आधार सापडत गेला. कोकणातला एक गरीब ब्राह्मण खिशात फारसे काही नसताना परमुलुखात वर्षे काढून परत येतो, ही लहान गोष्ट नव्हे. या व्यवस्थेने हजारोंना जगविले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे.

परंतु ही व्यवस्था कोणासाठी होती, हेही त्याच वेळी विचारले पाहिजे. गोडसे भटजींची विद्या आणि जात हीच त्यांची हुंडी होती. ती जेथे दाखवावी तेथे वटत असे. ज्याच्यापाशी ही हुंडी नव्हती त्याचे काय? याला अपवाद झाले नाहीत असे नाही. तेराव्या शतकात आपल्या विदर्भात वाढलेल्या महानुभाव पंथाने आपल्या अनुयायांना चारी वर्णांच्या घरी भिक्षा मागण्याची मोकळीक दिली, आणि त्या काळी ती मोठी धिटाई होती. पण अपवादाने नियम मोडला नाही.

नियम कसा होता याचा एक दाखला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवला आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने त्यांच्या ज्या आठवणी प्रसिद्ध आहेत, त्यांत १९०१ सालचा एक प्रवास येतो. भीमराव, त्यांचा भाऊ आणि दोन भाचे, सगळी मुलेच, वडिलांना भेटायला साताऱ्याहून कोरेगावाकडे निघाली होती आणि मसूर स्टेशनावर उतरली. मुलांचे कपडे चांगले, गाडीभाड्याला पैसे जवळ, डब्यात भरपूर अन्न. तरी जात कळल्यावर गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक जण तयार झाला तो या अटीवर की, गाडी मुलांनी हाकावी आणि त्याने बाजूने चालावे. अन्न समोर होते, पण प्यायला पाणी कोणी देईना. पाण्यावाचून घास उतरेना आणि मुले उपाशीच निजली. श्रोतेहो, येथे स्वस्त-महाग हा प्रश्नच उरत नाही. शिदोरी होती, पैसा होता. नव्हती ती पसंत पडणारी ओळख.

आता एटापल्लीकडे वळू. या अरण्यात सदावर्ते नव्हती, अन्नछत्रे नव्हती आणि खानावळ तर नव्हतीच. मग वाटसरू काय करी? माडियांच्या खेड्यात गोटूल असे. गोटूलाविषयी शहरात नाना तऱ्हेच्या कथा चघळल्या जातात. त्यांत आम्हांला शिरायचे नाही. बस्तरचे प्रशासक असलेले ग्रिगसन यांनी १९३८ साली मारिया गोंडांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात डोंगरी मारियांचे गोटूल हे तरुणांच्या निजण्याची जागा आणि त्याचबरोबर आल्या-गेल्या पाहुण्याची उतरण्याची जागा, असे वर्णन आहे. अबुझमाडचे हे लोक म्हणजे आपल्या माडियांचेच भाऊबंद. म्हणजे गावकीच्या खर्चाने चाललेली ही एक धर्मशाळाच म्हणायची; फरक एवढाच की तिच्या दारावर दात्याच्या नावाची पाटी नसे. गावात जे शिजले असेल त्यातले पाहुण्याला मिळे : भात, पेज, रानभाजी, मोहाच्या दिवसांत मोहफुले. पानाचा द्रोण करायला किती वेळ लागतो?

याचा अर्थ अरण्यात सर्व काही समतेचे होते, असे आम्ही म्हणत नाही. कोणाच्या हातचे खावे आणि कोणाच्या हातचे खाऊ नये याचे नियम गोंडांतही आहेत. रानातला माणूस तेवढा निर्मळ आणि शहरातला तेवढा कपटी, अशी वाटणी इतिहासाला मानवत नाही. पण दारी आलेल्याला उपाशी घालवू नये हा दंडक येथे होता, आणि त्याचा मोबदला पैशांत मागण्याची रीत नव्हती, हे खरे.

मात्र याच पाहुणचाराला दुसरीही एक बाजू होती. जमीनदारीच्या आणि इंग्रजांच्या अमलात दौऱ्यावर येणाऱ्या अंमलदारांच्या छावणीला रसद पुरविणे हे खेड्याचे कर्तव्य समजले जाई. कोंबडी, अंडी, तांदूळ, लाकूडफाटा आणि सामान वाहून न्यायला बिगारी. किंमत दिली तर अंमलदाराच्या मर्जीची. ती मधल्या शिपायाच्या हातून खाली उतरेपर्यंत किती उरे, हे सांगायला नको. परक्या मुलखात इतके स्वस्त जेवण त्या छावणीतल्या लोकांना दुसरीकडे कोठेही मिळाले नसते! ते स्वस्त होते, कारण त्याची किंमत दुसराच कोणी भरत होता. आठवडी बाजारात चारोळी आणि मोहफुले देऊन मीठ घेणाऱ्या आदिवासीच्या वाट्याला मापाचा जो न्याय येई, तोही याच जातीचा. अहेरीची जमीनदारी १९५१ साली इतर जमीनदाऱ्यांबरोबर कायद्याने संपली. पण स्वस्ताई दिसली की तिची किंमत कोण भरतो ते पाहावे, हा धडा त्या रसदीपासून घेण्यासारखा आहे.

एका बाजूला धर्माचे अन्न आणि दुसऱ्या बाजूला सत्तेची रसद. या दोहोंच्या मधून तिसरा मार्ग निघाला तो पैशाचा. १८६७ साली आगगाडी नागपूरला येऊन पोहोचली. गाडीने एका दिवसात इतकी माणसे परमुलुखात नेऊन सोडली की, त्या सर्वांना पुरेल एवढी माधुकरी जगात नव्हती. मुंबईच्या गिरण्यांना कोकणातून आणि घाटावरून हजारो एकटे पुरुष आले. एकेका खोलीत दाटीने राहू लागले. बायका-मुले गावी, आणि दिवसपाळी-रातपाळी करून आलेल्याला चूल पेटवायला ताकद नाही. त्यातून खानावळी उभ्या राहिल्या, आणि त्यांतल्या पुष्कळशा बायकांनी आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत चालविल्या.

खानावळीचे जेवण स्वस्त का पडते, हे जरा नीट पाहिले पाहिजे. खानावळवाली आज किती पाने उठणार हे सकाळीच जाणते, कारण गिऱ्हाइके महिन्याची बांधलेली असतात. भाजी एक, आमटी एक. निवड नाही म्हणून नासाडी नाही. जागा घरचीच, तिचे भाडे वेगळे नाही. आणि चुलीपुढे राबणाऱ्या बाईच्या श्रमाला मजुरी म्हणून कोणी मोजत नाही. पहिली तीन कारणे व्यवहाराची, चौथे कारण मात्र आपल्या रसदीच्या हिशेबात बसणारे आहे. गिऱ्हाइकाचा पगार महिनाअखेर. तोवर किराणा उधारीवर, आणि उधारीला व्याज. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी मुंबईत ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन केले आणि या बायकांना सरकारी बँकांकडून कर्ज मिळवून दिले, तेव्हा गिरणगावाच्या स्वस्त जेवणाचा भार इतकी वर्षे कोणाच्या पाठीवर होता हे पांढरपेशा समाजाला प्रथम नीट दिसले.

पैसा ओळख विचारीत नाही, असे अर्थशास्त्रात म्हणतात. आपल्याकडे तो बरेच दिवस विचारीत राहिला. ‘ब्राह्मणांची खानावळ’ अशा पाट्या आपल्या शहरांत उघड झळकत, आणि स्टेशनांवर हिंदू पाणी वेगळे, मुसलमान पाणी वेगळे असे. इतर समाजांच्या खानावळीही आपापल्या गाववाल्यांच्या आणि जातवाल्यांच्या असत. या भिंतीला मुंबईत पहिले खिंडार पाडले ते इराण्यांनी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणातून आलेल्या या मंडळींनी नाक्यानाक्यावर हॉटेले थाटली. चहा, ब्रून पाव आणि मस्का, थोड्या पैशांत आणि कोणीही यावे. संगमरवरी टेबलाशी गिरणीकामगार, कारकून आणि नट शेजारी बसू लागले. इराण्याला समाजसुधारणा करायची नव्हती, त्याला चहा विकायचा होता. पण परका असल्यामुळे आपल्या पंगतीचे नियम त्याला लागू नव्हते, आणि त्याच्या या परकेपणाचा आपल्याला उपकार झाला.

तथापि सर्व परक्यांच्या हातून असे झाले नाही. १९१७ साली अमेरिका आणि इंग्लंडमधले शिक्षण घेऊन डॉ. आंबेडकर बडोद्याला नोकरीवर गेले. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही हे ठाऊक असल्याने ते एका पारशी पथिकाश्रमात उतरले. जेवणासह राहण्याचे रोज दीड रुपया. पण नोंदवहीत पारशी नाव लिहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले दहा-बारा लोक जिना चढून आले आणि त्यांना संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगितले. दीड रुपया हा दर परवडणारा होता; पण त्याच्यावर खोट्या नावाची किंमत चढली होती, आणि तीही अकराच दिवस पुरली.

याच माणसाने सातासमुद्रापलीकडे कसे जेवण केले, ते पाहा. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ पर्यंत अभ्यास केला. त्यांच्या चरित्रकारांनी त्या दिवसांचे वर्णन केले आहे : भाड्याच्या खोलीच्या मालकिणीकडे सकाळी पावाचा तुकडा, थोडा मासा आणि कपभर बोव्हरिल, दिवसभर ग्रंथालय, रात्री भूक अनावर झाली म्हणजे भाजलेले पापड आणि दूध. पोट अर्धेच भरे. पण त्या अर्ध्या पोटाला कोणी जात विचारली नाही. आपल्या घरी दीड रुपयाचे पूर्ण ताट खोट्या नावाने आणि परदेशात अर्धे ताट खऱ्या नावाने, असा हा हिशेब आहे. परदेश कोणता आणि स्वदेश कोणता, हे त्यांनी कसे ठरवावे?

लंडनमध्ये स्वस्त अन्न मिळण्याचे कारण इंग्रज मनाने मोठा, असे मात्र कोणी समजू नये. तेथे लाखो मजूर होते. घरापासून दूर काम करणारे, हाती थोडे पैसे असलेले. त्यांच्यासाठी स्वस्त खाणे हा धंदा झाला. त्यात दारूबंदीवाल्यांनी गुत्त्यांना पर्याय म्हणून कोको-कॉफीच्या स्वस्त खोल्या काढल्या. १८८८ ते १८९१ या काळात तेथे शिकत असताना गांधीजींनी लॉकहार्टच्या अशा कोको-खोल्यांत गरीब माणूस दोन पेन्सांत पाव आणि कोकोवर एक वेळ भागवतो, असे वाचले आणि आपला खर्च कमी करायचे ठरविले. फॅरिंग्डन स्ट्रीटवरचे शाकाहारी उपाहारगृह त्यांना मोठ्या शोधानंतर सापडले होते. पुढे त्यांनी एक खोली घेतली, सकाळची लापशी आणि रात्रीचा पाव-कोको घरीच करायचा, दुपारी तेवढे बाहेर जेवायचे, असा बेत ठेवला. खाण्याचा रोजचा खर्च एक शिलिंग तीन पेन्सांवर आला, असा त्यांच्या आत्मचरित्रात हिशेब आहे. परदेशात स्वस्तात राहण्याचा याहून चांगला नियम आजही सांगता येणार नाही : दोन वेळचे साधे अन्न स्वतः करावे, एक वेळचे विकत घ्यावे, आणि जेथे तेथला मजूर जेवतो तेथे जेवावे.

आनंदीबाई जोशी यांची गोष्ट याहून वेगळी. १८८३ साली त्या एकट्या अमेरिकेला गेल्या तेव्हा न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबाने त्यांना घरच्यासारखे ठेवून घेतले. त्यांनी आपला आहार आणि लुगडे सोडले नाही आणि यजमानांनी ते सोडायला लावले नाही. कार्पेंटर कुटुंबाचे हे वागणे आमच्या गोटूलाच्या दंडकाशी किती जवळचे आहे! पण अशी घरे नशिबाने भेटतात, आणि नशिबावर प्रवासी सोडून देता येत नाही. म्हणूनच सार्वजनिक सोय लागते.

आपल्याकडे ती सोय दोन हातांनी आली. एक हात कायद्याचा. १९५० च्या संविधानात पंधराव्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि पाणवठे यांत जाण्यास धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही, असे सांगितले. राज्यघटनेसारख्या गंभीर ग्रंथात हॉटेलाचा उल्लेख यावा याचे ज्यांना नवल वाटत असेल, त्यांनी मसूर आणि बडोदा आठवावे. १९५५ साली अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा झाला आणि मज्जाव करणे हा गुन्हा ठरला.

दुसरा हात संतांचा आणि सेवकांचा. आपल्याच विदर्भातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेमहाराजांनी जुन्या धर्मशाळेचा अर्थ बदलला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी ज्यांना गावात कोठेच उतरता येत नसे त्यांच्यासाठी बांधली, आणि १९४९ साली ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. नाशिकला आणि इतर ठिकाणीही त्यांनी धर्मशाळा बांधविल्या. भुकेल्याला अन्न आणि तहानेल्याला पाणी हाच ज्यांचा देव, त्यांनी आत येणाऱ्याला जात विचारायची ती कशाला?

सरकारनेही पुढे स्वस्त ताटाचा प्रयोग केला. १९९५ नंतर एक रुपयात झुणका-भाकर निघाली; काही वर्षांत ती केंद्रे बंद पडली. २६ जानेवारी २०२० रोजी ‘शिवभोजन’ थाळी दहा रुपयांत सुरू झाली : दोन पोळ्या, एक भाजी, एक वाटी वरण आणि भात. टाळेबंदीत ती पाच रुपयांवर आणि पुढे काही काळ फुकट दिली गेली. अशा योजनांची कौतुके आणि टीका दोन्ही आपण वाचतो. आम्हांला त्यांत मोलाची वाटते ती एक गोष्ट : या ताटाची राहिलेली किंमत कोण भरतो हे उघड आहे. ती सर्वांच्या करातून भरली जाते; एखाद्या खेड्याच्या कोंबड्यांतून किंवा एखाद्या बाईच्या बिनमजुरीच्या श्रमांतून नव्हे. मात्र केंद्र चालविणाऱ्याचे पैसे वेळेवर चुकते झाले पाहिजेत. नाही तर ती किंमत पुन्हा त्याच्याच डोक्यावर बसते.

आता शेवटी एटापल्लीच्या माणसाचा हिशेब. खानावळीच्या स्वस्ताईला रोजची, बांधलेली गिऱ्हाइके लागतात, हे आपण पाहिले. विरळ वस्तीच्या अरण्यात ती नसतात. म्हणून आठवडी बाजाराच्या दिवशी भजी-चहाची पाले लागतात आणि दुसऱ्या दिवशी उठतात. आजही या गावाला रेल्वे नाही. साऱ्या गडचिरोली जिल्ह्याला एक वडसा काय ते स्टेशन. अलीकडे सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक या रस्त्यावरून धावू लागले आहेत, आणि त्यांबरोबर परप्रांतीय ड्रायव्हर आणि कामगार येथे आले आहेत. परका माणूस येथे आला की त्याच्या पोटाची सोय मागोमाग येते, कारण त्याच्या खिशात रोजचा पैसा असतो. पूर्वी तो गोटूलात उतरे, पुढे त्याला रसद मिळे, आता त्याला ताट विकत मिळते. तिन्ही काळांत एटापल्लीने त्याला उपाशी ठेवलेले नाही.

उलट बाजूने पाहावे तर चित्र इतके भरलेले नाही. येथला माणूस परमुलुखात जातो तो बहुधा तीन कामांना : दवाखाना, कचेरी आणि शाळा. आजारी माणसाला दवाखान्यात जेवण मिळते. पण त्याच्याबरोबर आलेली आई किंवा भाऊ आठ-पंधरा दिवस काय खाणार? भाषा तोडकी, पैसे संपत आलेले, चूल मांडायला जागा नाही. परत जाण्याची घाई होते, आणि उपचार अर्धे राहतात. १९७३ साली हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि पुढे धानोऱ्याच्या वाटेवर डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ‘सर्च’च्या शोधग्रामात गोंडांच्या खेड्यासारखे रुग्णालय उभारले, रुग्णाबरोबर नातेवाइकांनाही राहता येईल अशा झोपड्यांचे. इमारत दवाखान्याची, पण कल्पना गोटूलाची. जे शहाणपण या अरण्यात होते, ते औषधाच्या जोडीला बसविल्यावर माणसे दवाखान्यात येऊ लागली. यावरून अन्नाची आणि निवाऱ्याची सोय हा उपचाराचाच भाग आहे, हे कळावे.

तात्पर्य, स्वस्त जेवणाचा इतिहास म्हणजे परक्या माणसाकडून काय काय मागितले गेले त्याचा इतिहास आहे. आधी ओळख मागितली, मग पैसा आणि ओळख दोन्ही मागितली, आणि मोठ्या कष्टाने नुसत्या पैशावर आपण आलो. ही प्रगतीच आहे. पण ज्याच्यापाशी पैसाही नाही आणि ओळखही नाही, असा माणूस आजही आपल्या गावाच्या मोटारस्थानकावर उतरतो. तो आलापल्लीच्या गाडीने येतो, हातात औषधाची चिठ्ठी असते, आणि कोणाला काय विचारावे हे त्याला कळत नाही.

गावात वर्षाकाठी किती पंगती उठतात ते आपण जाणतो. उत्सवाची पंगत एका दिवसाची असते; तिच्या खर्चातून दवाखान्याच्या फाटकाशी रोज वीस-पंचवीस पाने वर्षभर वाढता येतील का, हा हिशेब कोणीतरी कागदावर मांडून पाहावा. माडिया बोलणारा एखादा मुलगा तेथे वाढायला असला तर फारच चांगले. जेवणाचे थोडे पैसे घ्यावेत, म्हणजे घेणाऱ्याला मिंधेपणा वाटणार नाही. पण नाव-गाव जेवण झाल्यावर विचारावे. एटापल्लीकडच्या खेड्यांनी परक्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या खाऊ घातले. त्या अन्नाची परतफेड करण्याची पाळी आता आपली आहे, आणि त्यासाठी कोणाला परमुलुखात जाण्याचीही गरज नाही.